गोजराची उलटी चूल

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा गावांना नावे होती, पण घरांना कुलपे नव्हती. नदीकाठच्या अशाच एका गावात गोजरा नावाची बाई राहत असे. तिचा नवरा मागावर लुगडी विणायचा आणि ती घर सांभाळायची.

त्यांचे स्वयंपाकघर इतके अंधारे होते की आमटीत मीठ पडले की राख, हे जेवतानाच कळे. एका उन्हाळ्यात नवरा म्हणाला, की मागची भिंत पाडू, जागा वाढवू आणि तुझ्या मनासारखे स्वयंपाकघर करू. भिंत पडली. जुनी चूल सासूबाईंच्या वेळची होती. त्या आता राहिल्या नव्हत्या, म्हणून तीही फोडली आणि तिची माती भिजत घातली.

पण मनासारखे म्हणजे कसे, हे काही गोजराला सांगता येईना.

त्या गावात एक रीत होती. घरातल्या बाईने एकदा चूल घातली की ती रांधते आहे तोवर ती चूल हलवायची नाही. चूक झाली तर ती जन्माची. शिवाय चुली घालणाऱ्या म्हातारीने माती मळताना बजावले होते, की आठव्या दिवशी संध्याकाळपर्यंत ही माती हाताला वळेल, पुढे तडे जातील. मग नवी माती पावसाळ्यानंतरच मिळेल आणि तोवर अंगणातल्या तीन दगडांवर रांधायची वेळ येईल.

म्हणून गोजरा दुसऱ्यांची स्वयंपाकघरे पाहायला निघाली.

पाटलीणकाकूंची चूल खिडकीखाली होती. भाकरीवर ऊन पडत होते. गोजराला वाटले, बस, असेच हवे. मग ती वाण्याच्या सुनेकडे गेली. ती म्हणाली, खिडकीखाली चूल म्हणजे वाऱ्याशी भांडण, चूल कोपऱ्यातच हवी. तिच्या कोपऱ्यात बरण्यांचे फडताळ इतके देखणे होते की गोजराला तेही पटले. गुरवीण म्हणाली, कोपऱ्यात धूर कोंडतो, चूल मधोमध घाल. गोजराला मधोमधही पटले. जो जे सांगे ते त्याच्या दारात उभे असताना खरे वाटे, आणि घरी येईपर्यंत त्याचे काहीच उरत नसे.

घरी येऊन ती पांढऱ्या फक्कीने जमिनीवर चूल आखायची. सहाव्या दिवशी तिथे पाच चुली आखलेल्या होत्या. एक दुसरीवर चढली होती आणि एका चुलीचे तोंड भिंतीत गेले होते. नवरा लांब लांब टांगा टाकत आत आला आणि पाण्याचा तांब्या शोधू लागला.

"पाच चुली आखल्यास," तो म्हणाला, "आता जेवायला बाहेर बसायचं का?"

गोजराला हसू आले नाही. तिने सगळी फक्की झाडून टाकली, आणि मग सगळीच कशाला झाडली म्हणून वाईट वाटून घेतले.

आठव्या दिवशी सकाळी म्हातारी आली. ओल्या फडक्याखालची माती तिने बोटाने दाबून पाहिली आणि चूल कुठे घालू म्हणून विचारले. गोजराने पाटलीणकाकूंच्या खिडकीपासून सुरुवात केली. वाण्याचे फडताळ झाले, गुरविणीची मधोमधची चूल झाली. म्हातारी ऐकत राहिली.

"हे लोकांचं झालं. तुझं काय?"

"मला काही कळेनासं झालंय, आजी."

भूक लागली आहे, चार भाकरी कर, असे म्हणून म्हातारी अंगणातल्या भिंतीला टेकून बसली. गोजरा तीन दगडांपाशी भाकरी थापू लागली. पहिली भाकरी फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. म्हातारीने डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळाने ती घोरू लागली.

तिसरी भाकरी गोल झाली. चौथी टम्म फुगली.

म्हातारीने एक डोळा उघडून पाहिले. पिठाची परात, पाण्याचे भांडे, लाकडे, सारे गोजराने स्वतःच्या डाव्या बाजूला ओढून घेतले होते, आणि ती डाव्या हाताने भाकरी थापत होती.

"डावखुरी आहेस होय?"

गोजराने हात पदराखाली घेतला. ती हळू आवाजात सांगू लागली, की अन्नाला डावा हात लावू नये असे सासूबाई म्हणायच्या. म्हणून ती चारचौघांत उजव्या हाताने करते. एकटी असली की मात्र हात ऐकत नाही.

म्हातारीने पदराखालचा हात बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. तिला लगेच उमगले. सगळ्या गावात चुलीचा वैल, म्हणजे आमटीचे भांडे ठेवायचे बाजूचे तोंड, उजवीकडे असे. तिथली आमटी ढवळायला गोजराला डावा हात जाळावरून पलीकडे न्यावा लागे.

"मला वाटायचं, मीच वेंधळी," गोजरा म्हणाली.

"वेंधळी चूल होती," म्हातारी म्हणाली. "सांग आता. वैल कुठं घालू?"

वैल डावीकडे घातला तर घरात येणाऱ्या प्रत्येकीला तिचा हात कळणार होता. उजवीकडे घातला तर जन्मभर भाजायचे होते. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. उन्हे कलली. म्हातारी मातीवर पाणी शिंपडत राहिली, पण काठाची माती पांढरी पडू लागली होती.

शेवटी गोजराने बाही वर सारली आणि हातावरचे डाग एकदा मोजले.

"डावीकडं," ती म्हणाली.

वैल ठरला आणि बाकीचे आपोआप ठरत गेले. परात कुठे, पाणी कुठे, उजेड कुठून हवा, ते तिचा हातच दाखवत गेला.

नवी चूल पाहायला बायका आल्या. पाटलीणकाकूंनी नाक मुरडले आणि ही उलटी चूल कुणी घातली, असे विचारले. गोजराचे कान लाल झाले.

"माझा हात डावा आहे, काकू," ती म्हणाली आणि त्यांना भाकरी वाढली. काकूंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पुढे त्या हाताविषयी काही बोलल्या नाहीत.

वाण्याच्या सुनेला वाटले, चव चुलीतच आहे. तिच्या सासूने नुकताच स्वयंपाक तिच्या हाती सोपवला होता. तिने म्हातारीला बोलावून अगदी गोजरासारखी चूल घालायला सांगितले. कोणत्या हाताने रांधतेस, असे म्हातारीने दोनदा विचारले. ती म्हणाली, "प्रश्न नकोत, गोजरासारखीच हवी."

महिन्याभरात तिचा उजवा हात कोपरापर्यंत पोळला. चूल हलवायची रीत नव्हती, म्हणून पुढची तीस वर्षे ती त्याच चुलीवर रांधत राहिली.

तात्पर्य : दुसऱ्याचे स्वयंपाकघर डोळे भरून पाहावे, पण आपले आपल्या हातांना विचारून मांडावे.