कासारणीची दाढ

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, मी तेव्हा नव्हते.

नदीकाठच्या एका गावात सगुणाकाकी नावाची कासारीण राहायची. पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुली लग्नाचा हिरवा चुडा तिच्याच हातून भरून घ्यायच्या. का म्हणाल? तर काचेची बांगडी मुठीवरून चढताना कळ येतेच. पोरी घाबरून हात आखडतात, आणि हात आखडला की काच फुटते. काकी आधी हात चोळायची, तेल लावायची आणि खरं काय ते सांगून टाकायची, "पोरी, अंगठ्याच्या हाडाशी जरा दुखेल. तू 'काकी' म्हणालीस की मी थांबेन." आणि ती खरंच थांबायची. मग गप्पा सुरू. गप्पांच्या नादात चुडा कधी भरून झाला, ते पोरीला कळायचंही नाही.

अशी ही काकी! पण तिची स्वतःची दाढ दुखायला लागली आणि तिची पाचावर धारण बसली.

लहानपणी मामाने "आ कर, नुसतं बघतो" असं म्हणून तिचा दात ओढून काढला होता. चौघांनी हातपाय धरले होते. ते काही ती विसरली नव्हती. आता गावचे वैद्यबुवा समोरून येताना दिसले, की ही पदर गालावर ओढून दुसऱ्या गल्लीत! एकदा त्यांनी गाठलंच. "काकी, गाल सुजलाय तुमचा." तर म्हणते कशी, "सुजलाय कुठं? गूळ धरलाय तोंडात." महिनाभर गूळ धरला म्हणे बाईने!

लवंगा झाल्या, तुरटी झाली, देवाला नवस बोलून झाला. दाढ काही ऐकेना. भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खायची पाळी आली.

अशात गावातल्या येसू नावाच्या पोरीचा चुडा भरायचा आला. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न. काकीने तिचा हात चोळला, तेल लावलं, पण तोंड उघडेना, त्यामुळे बोलली एक शब्द नाही. काकी अशी गप्प पाहून येसूही धास्तावली. चौथी बांगडी चढवताना दाढेतून अशी सणक गेली, की काकीचा हात दचकला. काच फुटली. येसूच्या मनगटातून रक्त आलं.

"अगं बाई, लग्नाआधीच बांगडी वाढली!" बायका कुजबुजल्या. येसूची आई म्हणाली, "काकी, तू राहू दे आता. मी पलीकडच्या गावची कासारीण बोलावते."

काकी तिथेच रडायला लागली. "चाळीस वर्षांत माझ्या हातून कुणाला ओरखडा उठला नाही गं. माझ्या भित्रेपणापायी आज पोरीचं रक्त काढलं मी."

येसूने मनगटाला फडकं गुंडाळलं. "काकी, दाढ दुखते ना? मग काढून का नाही टाकत?"

"भीती वाटते," काकी म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने हे कुणाला सांगितलं.

बायका फिदीफिदी हसल्या. येसू नाही हसली. "आई, दुसरी कासारीण नको. मी काकीसाठी थांबते. चल काकी, मी येते तुझ्याबरोबर."

वैद्यबुवांच्या ओसरीवर काकी अगदी कडेला टेकली. बुवा गोड आवाजात म्हणाले, "आ करा, नुसतं बघतो." झालं! काकी उठून थेट पायरीशी.

येसूने तिला परत आणलं आणि बुवांना म्हणाली, "बुवा, खोटं नका बोलू. काय काय करणार ते आधी सांगा. आणि काकीने हात वर केला की थांबा."

बुवा वरमले. त्यांना आजवर असं कुणी सांगितलंच नव्हतं. "बरं बाई. आधी अक्कलकाऱ्याची मुळी लावतो, म्हणजे हिरडी बधिर होईल. मग चिमटा. करकर आवाज येईल, ओढल्यासारखं वाटेल. दहा अंक मोजेपर्यंत कळ येईल, त्याहून जास्त नाही."

येसूने काकीचा हात मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. "हात सैल सोड, काकी. मी आहे. आकडे मी मोजते."

मुळी लावून झाली. बुवांनी चिमटा लावला आणि काकीने हात वर केला. बुवा थांबले. काकीने एक डोळा किलकिला करून पाहिलं, चिमटा खरंच दूर होता. थोड्या वेळाने पुन्हा हात वर. बुवा पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी मात्र तिने हात वर केलाच नाही.

दुखलं का? दुखलं तर! काकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण येसूचा आकडा आठावर पोचला तोवर दाढ बाहेर होती. कापसाचा बोळा दाबून धरून काकी येसूच्या खांद्यावर डोकं टेकवून कितीतरी वेळ बसून राहिली. येसूनेही तिला घाई केली नाही.

संध्याकाळी काकीने राहिलेला चुडा भरला. बोळ्याआडून ती बडबडत होती, त्यातलं निम्मं कुणाला कळत नव्हतं, आणि येसू हसून हसून बेजार झाली होती. बांगड्या सगळ्या नीट चढल्या. तेव्हापासून त्या गावात कुणाची दाढ दुखली, की शेजारपाजारचं एक तरी माणूस त्याच्यासोबत बुवांच्या ओसरीवर जाऊन बसायला लागलं.

म्हणून सांगते, भ्यालेल्या माणसाला हसू नये; त्याला खरं काय ते सांगावं आणि त्याचा हात धरावा.