लाल गाडी आणि काळी गाडी

गाड्या माणसांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. घाटाखाली दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात दोन गाड्या विकायला होत्या. एक लाल, कोरी. दुसरी काळी, वीस वर्षांची, शर्यती जिंकलेली. आज विकली नाही, तर काळी भंगारात जाणार होती.

"आजी, तुमचा रंग कुठे गेला?" लाल हसली.

"घाटात सांडला, पोरी."

तेवढ्यात घोरपडेबाई गाडी घ्यायला आल्या. त्यांनी काळी चालवायला घेतली, मिस्त्रींनी लाल. घाट चढताना अवघड वळणावर लाल बिचकून थांबली. काळी मात्र वेग न सोडता, रेघ ओढावी तशी वळली. लाल बघतच राहिली.

खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "लालच द्या. नवी ती नवी."

"बाई, आजींना न्या," लाल म्हणाली. "मला उद्याही कोणी घेईल. आजी घाटात धावत राहिल्या, तर बघून शिकेन; भंगारात गेल्या, तर ते वळण मी कोणाकडून शिकू?"

बाईंनी काळीची किल्ली मागितली.