बाभळीवरच्या चाळिसाव्या घरट्याचा दावा

त्या राज्यात कायदा जमिनीवर राहणाऱ्यांनी केला होता, आणि तो झाडावर राहणाऱ्यांनाही लागू होता. पहिलंच कलम असं होतं : जे हलत नाही, ते घर.

विहिरीवरच्या बाभळीला चाळीस घरटी लटकत होती. सगळी केसरअण्णा नावाच्या सुगरण पक्ष्याने विणलेली. चोच बोथट झाल्यावर अण्णांनी ठेकेदारी सोडली होती, आणि आता ते दिवसभर इतरांच्या विणकामाला नावं ठेवत सुखात होते. अशात एका सकाळी वडाच्या हिरव्या पानावर त्यांना समन्स आलं. खंबीरराव उंदरांची तक्रार होती, की अण्णांकडून घेतलेलं घरटं वाऱ्याने हलतं, शिवाय गळ्यापाशी उसवलं आहे. पान पिवळं पडायच्या आत उत्तर न आल्यास चाळीसही घरटी उतरवली जातील.

त्यांतल्या बहुतेकांत अंडी होती.

कावळे वकील न बोलावताच आले. "सोपं आहे, अण्णा. तुम्ही आता ठेकेदार नाही. ते घरटं माझं नव्हेच, असं द्या ठोकून."

"वकीलसाहेब, गाठ बघून अख्खी बाभूळ सांगेल कोणाची ते," अण्णांची बायको म्हणाली. "ह्यांना खोटं शिकवायचंच असेल, तर जमेल असं तरी शिकवा."

अण्णा दोन दिवस पानाकडे बघत राहिले. कडा पिवळी होऊ लागली तेव्हा त्यांनी बोथट चोचीने टोचून लिहिलं : 'घरटं माझंच. हलतं, कारण हलावं म्हणूनच विणलं. उसवलं कसं, ते येऊन बघावं.'

कावळे वकिलांनी कपाळावर पंख मारून घेतला.

न्यायाधीश कासव होते. घर पाठीवर घट्ट, त्यामुळे झोका म्हणजे काय ते ऐकूनच ठाऊक. बाभळीखाली येऊन त्यांनी वर पाहिलं. एकोणचाळीस घरटी मजेत झुलत होती. चाळिसावं पाच दोऱ्यांनी खोडाला करकचून आवळलेलं. वारा आला की तेवढंच कण्हायचं आणि गळ्यापाशी आणखी एक काडी सुटायची.

"मी स्वतः बांधलंय," खंबीरराव छाती काढून म्हणाले. "घर कसं घट्ट पाहिजे!"

"घेताना तपासलं कोणी?" कासवांनी विचारलं.

"मीच की."

अण्णांची मान खाली गेली. "साहेब, आमच्यात घर नवरी तपासते. अर्धं विणलं की ती येते, आत बसून झोके घेते, काड्या ओढून बघते. पसंत पडलं तरच लग्न. माझीसुद्धा तीन नापास झालीत."

"चार," बायको म्हणाली.

"चार. पण ह्या घरट्याच्या वेळी उंदीरवहिनी आल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तेवढी चूक माझी."

कासवांनी मान थोडी बाहेर काढली. "मग आज तपासू देत. त्यांनी नापास केलं, तर चाळीसही उतरतील."

उंदीरवहिनी, म्हणजे चिंगीवहिनी, आतापर्यंत खंबीररावांच्या मागे उभ्या होत्या. त्या खोडावर सरसर चढल्या आणि पहिली दोरी कुरतडली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी.

"अगं, पडशील!" म्हणत खंबीरराव धावले आणि पाचवीला लोंबकळले. वहिनींनी ती खोडापाशी तोडली.

घरटं मोठा हेलकावा घेऊन मोकळं झालं. वहिनी उडी मारून आत गेल्या, दोनदा जोरात नाचल्या आणि दारातून डोकावल्या.

"अहो, खाली काय लटकताय? आत या ना!"

दोरीचं टोक घट्ट धरून खंबीरराव विहिरीवर इकडून तिकडे जात होते. आणि खाली कासवांची मान, कवचातून पुरती बाहेर येऊन, त्याच तालात इकडून तिकडे.