टिंबीची गोधडी आणि खणाची मूठ

कुमुदमावशीच्या कपाटाला दोन खण. एक वरचा, एक खालचा. दोघांना गोल गोल मुठी. अगदी जुळ्या बहिणी.

खालच्या खणात राहायची टिंबी. टिंबी म्हणजे एवढीशी उंदरी.

एकदा टिंबी शेव खायला बाहेर आली. मावशीने खण ढकलला. खटॅक! खण बंद झाला. मूठ निखळली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गेली मोरीत. गुडुप!

टिंबीची गोधडी राहिली आत. लाल ठिगळाची, मऊ मऊ. आता टिंबी झोपणार कशी?

रडली का टिंबी? छे. रडणारी नव्हतीच ती. खणाला म्हणाली, "खणोबा, खणोबा, उघड."

खण म्हणाला, "मूठच नाही, उघडू कसा? आधी मूठ आण."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मावशीकडे गेली. मावशी रेझिनची कानातली बनवायची. रेझिन मधासारखं घट्ट. साच्यात ओतायचं, की वाळून टणक.

"मावशी, मावशी,
खण उघडेना, गोधडी मिळेना.
गोधडीशिवाय मी झोपायची नाही."

मावशी म्हणाली, "मूठ ओतून देते गं. पण आधी साचा आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. डब्यात होतं सिलिकॉनचं मऊ रबर.

"रबरभाऊ, रबरभाऊ,
मावशी ओतेना, खण उघडेना, गोधडी मिळेना.
गोधडीशिवाय मी झोपायची नाही."

रबर म्हणालं, "होईन साचा. पण आधी माझ्या पोटात तशीच मूठ बसव."

तशीच मूठ? ती तर वरच्या खणाला! टिंबी चढली वर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मूठताई, मूठताई,
साचा होईना, मावशी ओतेना, खण उघडेना, गोधडी मिळेना.
गोधडीशिवाय मी झोपायची नाही."

मूठताई म्हणाली, "येते की. पण मी स्क्रूने घट्ट. आधी पेचकस फिरव."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पेचकसदादा, पेचकसदादा,
मूठ सुटेना, साचा होईना, मावशी ओतेना, खण उघडेना, गोधडी मिळेना.
गोधडीशिवाय मी झोपायची नाही."

पेचकस कुरकुरला, "मी गंजलोय. आधी तेल आण."

दमली होती टिंबी. पण थांबली नाही. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बुधलीआजी, बुधलीआजी,
पेचकस फिरेना, मूठ सुटेना, साचा होईना, मावशी ओतेना, खण उघडेना, गोधडी मिळेना.
गोधडीशिवाय मी झोपायची नाही."

तेलाची बुधली म्हणाली, "तेल घे हवं तेवढं. पण मला कलंडवणार कोण?"

टिंबीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं.

"मी," टिंबी म्हणाली.

पाय रोवले. डोकं लावलं. हुप्प! बुधली हलेना. हुप्प! बुधली डुलली. हुप्प! बुधली कलंडली!

टप्प! तेल पडलं.
पेचकस फिरला, गरगर गरगर.
मूठ सुटली, टुणुक.
रबराच्या पोटात बसली, फतक.
रबर घट्ट झालं. साचा झाला. मूठताई गेली परत आपल्या जागी.
मावशीने रेझिन ओतलं, झुळझुळ झुळझुळ.

मग काय? मग थांबायचं. वाट बघणं भारी अवघड असतं हं.

नवी मूठ साच्यातून निघाली. हुबेहूब मूठताई! पण अजून कोवळी होती. मावशीने उन्हात ठेवली. म्हणाली, "हात लावायचा नाही."

टिंबीने हात नाही लावला. लावला एक पाय. हळूच. एवढासाच.

मूठ वाळली. टणक झाली. आणि मुठीवर उमटलं टिंबीचं इवलंसं पाऊल.

आता मावशी रागावणार? मावशीने चष्मा लावला. पाऊल पाहिलं. खुदकन हसली. म्हणाली, "बरं झालं. कुणाचा खण ते विचारायलाच नको."

मूठ खणाला लागली. मावशीने धरली, ओढली. खर्रर्र, खण उघडला! आत लाल ठिगळाची गोधडी.

टिंबी शिरली गोधडीत. शेपटीसुद्धा आत घेतली.

टिंबी झोपली खणात, गोष्ट झोपली मनात.