साचा कापण्याआधी

“मोडू का ठेवू, अण्णा? एवढंच सांगा.”

भूपालअण्णा बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी फुंकणं थांबवलं नाही.

“तुम्ही होय म्हणालासा तर आज दुपारीच साचा कापतो,” सुदर्शन म्हणाला. “न्हाई म्हणालासा तर...”

तो अडखळला. अण्णा नाही म्हणाले तर काय करायचं, हे त्यानं ठरवलेलं नव्हतं.

माळावरच्या त्या एकुलत्या चहाच्या टपरीला दोन सायकली टेकल्या होत्या. एक अण्णांची, एक त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सुदर्शनची. दोन्ही अण्णांच्याच कारखान्यात घडलेल्या, पण एका घरातल्या वाटत नव्हत्या.

अण्णांची सायकल बारीक गोल नळ्यांची. सांधे पितळेनं झाळलेले, वरची दांडी जमिनीला अगदी समांतर. सांगली-मिरजेच्या बाजूला शर्यतीची सायकल म्हटली की एके काळी हीच. माणसं हातातला चहा निवू देऊन तिच्याकडे बघत राहायची.

सुदर्शनची सायकल चपट्या नळ्यांची. ब्रेकच्या तारा पोटात लपवलेल्या, मागच्या कांबी खाली उतरवलेल्या. ती वारा कापायची, आणि नव्या पोरांना तीच हवी होती.

अडचण साच्याची होती. कारखान्यात ओतीव लोखंडाचा एक जाड पाट आहे. त्यावर खुंट रोवलेत, तोच साचा. त्या खुंटांत नळ्या बसवायच्या आणि सांधे झाळायचे, की फ्रेम तयार. खुंट अण्णांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं रोवले होते. सुदर्शनची ही पहिली फ्रेम साच्याविना, जमिनीवर जुळवून कशीबशी झाली होती; तशा आणखी करायच्या तर ते कापून दुसरीकडे नवे रोवावे लागणार. तसला पाट आता कुठे मिळत नाही. एकदा खुंट कापले की अण्णांची फ्रेम पुन्हा होणे नाही.

अण्णांना मूलबाळ नाही. जे काय होतं ते त्या पाटावर.

“येताना बघितलासा न्हवं?” सुदर्शन म्हणाला. “नुसती उडत होती. तुम्ही कितीतरी मागं राहिलासा.”

“बघितलं की.”

“मग?”

“वारं कुठनं हाय?”

सुदर्शननं वर पाहिलं. माळावरच्या साऱ्या पवनचक्क्या पश्चिमेकडे तोंड करून गरगरत होत्या. ते दोघं पश्चिमेकडूनच आले होते. आषाढ लागला की या माळावर पाऊस यायला कुरकुरतो, पण वारा दिवसभर थांबत नाही.

त्याचे कान लाल झाले.

सायकलवाल्यांची ही जुनी खोड आहे. वारा पाठीशी असला की तो आपल्या पायांच्या खात्यावर मांडायचा, आणि तोंडावर आला की त्याला शिव्या घालायच्या. सुदर्शननं फ्रेमचं सगळं शिक्षण घेतलं होतं, पण ही खोड त्यालाही सुटली नव्हती.

“तसं न्हवं, अण्णा,” तो घाईनं म्हणाला. “मी ती तपासून आणलीया. बंद बोगद्यात वारा सोडतात, त्यात धुराची रेघ सोडतात. तुमची फ्रेम ठेवली की धूर तिच्या मागं फुटतोय, गिरक्या घेतोय. माझी ठेवली की पुढं फाटतोय आणि मागं गुमान जुळतोय. मधनं कोण गेलंच न्हाई असं वाटतंय बघा.”

“कोण गेलंच न्हाई...” अण्णा म्हणाले.

“व्हय.”

“वर कोण बसलं होतं?”

“कुठं?”

“सायकलवर. तपासताना.”

“कोण न्हाई. नुसती फ्रेम.”

“हं.”

अण्णांनी बशी खाली ठेवली. हं म्हणजे काय, हे त्यांच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलेल्यांनाही सांगता यायचं नाही.

सुदर्शन जवळ सरकला. मग खालच्या आवाजात बोलला.

“खरं सांगू का, अण्णा? दिसायला तुमचीच देखणी. माझी मला सुद्धा रेडक्यागत वाटतीया. तुमच्या फ्रेमवर नजर ठरते. पण नजर ठरून शर्यत जिंकत न्हाईत. पोरं येतात, तुमच्या फ्रेमवरनं हात फिरवतात, वा वा करतात... आणि परगावची फ्रेम घेऊन जातात. असंच चाललं तर कारखान्यात आपण दोघंच उरू. तुम्ही आणि मी, फडक्यानं पुसत बसलेले.”

अण्णा ऐकत होते.

“आणि कापला तर...” त्यानं अण्णांच्या सायकलकडे पाहिलं. “तर अण्णांच्या डोळ्यांदेखत अण्णांचा साचा कापला, असं लोक म्हणतील. लोकांचं जाऊ द्या. मलाच तसं वाटंल. वेग राखू का रूप राखू? सांगा की.”

अण्णा उठले. धोतराचा सोगा नीट खोचला. सायकल हातात घेतली.

“पुढं हो,” ते म्हणाले.

अण्णांचा रस्त्यावरचा नियम साधा होता. ज्याला प्रश्न असेल त्यानं पुढं राहायचं. उत्तर मागून येईल. आलं तर.

आता परतीची वाट. वारा थेट तोंडावर होता.

सुदर्शननं मान खाली घातली आणि पाय मारायला सुरुवात केली. सुरुवातीला बरं वाटलं. चपट्या नळ्या वाऱ्यात शिरत होत्या, चाकं सूं करत होती. मागून अण्णांच्या साखळीची बारीक कुरकुर ऐकू येत होती.

‘आता बघू,’ त्याच्या मनात आलं. म्हातारा या वाऱ्यात मागे पडला की उत्तर आपोआप मिळेल. बोलायचीही गरज नाही.

त्यानं वेग वाढवला.

कुरकुर मागेच होती.

आणखी वाढवला. उघडा माळ होता, आडोशाला बाभळ सुद्धा नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मांड्या पेटल्या होत्या.

कुरकुर तिथेच. जवळ नाही, लांब नाही.

“अण्णा, येताय न्हवं?” तो ओरडला.

कुरकुर तेवढी चालू राहिली.

सुदर्शनला राग आला. कशाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, जुनीपुराणी गोल नळ्यांची सायकल, आणि अंगात वारं भरलेला ढगळ सदरा. हा मागे पडत कसा नाही? सगळी गणितं हातात असून ती खोटी पडावीत, तसं त्याला झालं. मग त्यानं अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं त्या रस्त्यावर ओतलं.

चढ आला. फार मोठा नव्हता. एरवी तो बोलत बोलत चढायचा.

आज पाय उचलेनात. दाराला आतून कुणी पाठ लावून उभं राहावं, तसा वारा उभा होता. सायकल डुलायला लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता उतरावं लागणार, गुरूच्या देखत सायकल हातात धरून चालावं लागणार, हे त्याला कळून चुकलं.

बाजूनं अण्णांचं पुढचं चाक आलं.

“हो मागं.”

“न्हाई अण्णा, तुम्ही नका... वारं लई हाय.”

“मागं हो, म्हणलं.”

अण्णा पुढं सरकले.

आणि वारा थांबला.

खरं म्हणजे तो थांबला नव्हता. दोन्ही बाजूंनी तसाच घोंघावत होता. कडेचं गवत आडवं झालेलं दिसत होतं. पण अण्णांच्या पाठीआड सुदर्शनच्या तोंडावर, छातीवर, गुडघ्यांवर काहीच येत नव्हतं. त्याला श्वास घेता आला. अण्णा मघाशी मागे का पडत नव्हते, तेही आता कळलं.

ही शांतता त्याच्या ओळखीची होती.

शिकायला आला तेव्हा अण्णा त्याला याच रस्त्यानं आणायचे. घरी गेल्यावर तो आईला मोठ्या फुशारकीनं सांगायचा, की लोक उगीच घाबरवतात, त्या माळावर वारंबिरं काही नसतं. आईला खरं वाटायचं. त्यालाही खरं वाटायचं. पुढं अंगात जोर आला, तो एकट्यानं भटकू लागला, शर्यती जिंकू लागला, आणि ही गोष्ट पार विसरून गेला.

अण्णांनी तेव्हाही काही सांगितलं नव्हतं.

सुदर्शनला रडू आलं. त्यानं ते आवरलं नाही. बघायला कोण होतं?

समोर अण्णांची पाठ होती. सदरा फडफडत होता. सदऱ्याखाली खांद्यांची हाडं वरखाली होत होती, आणि प्रत्येक पायाबरोबर ती पाठ किंचित डावीकडे कलत होती. ती कधीपासून कलायला लागली, ते त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

“अण्णा, सोडा आता. मी येतो पुढं.”

त्याचा आवाज अण्णांपर्यंत पोचला की नाही कोण जाणे. अण्णा पुढेच राहिले. चढ संपला, माळ संपला, द्राक्षांच्या बागा लागल्या, तरी पुढेच राहिले.

कारखान्यात पोचल्यावर अण्णा उंबऱ्यावर बसले. सुदर्शननं तांब्या भरून दिला. ते घोट घोट पाणी प्यायले. छाती बराच वेळ वरखाली होत राहिली. या वयात या माणसाला आपण वाऱ्यात ओढलं, असं सुदर्शनला वाटलं. कोणी कोणाला ओढलं, हे त्याला ठाऊक होतं, तरीही वाटलं.

आत पाटावर मळकं फडकं टाकलेलं होतं. फडक्यातून खुंट वर आलेले दिसत होते.

सुदर्शन तिकडे बघत नव्हता.

“इचार की,” अण्णा म्हणाले.

“न्हाई विचारायचं.”

“का रं?”

“राहू दे साचा. न्हाई कापत मी. पोरं न्हाई आली तर न्हाई आली.”

“मी काय सांगितलं का राहू दे म्हणून?”

“न्हाई.”

“मग इचार.”

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज पार विरल्यावर सुदर्शननं विचारलं.

“मोडू... का ठेवू?”

अण्णा भिंतीला धरून उठले. आत गेले. फडकं बाजूला केलं. एका खुंटावर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. तो लोखंडी खुंट हाताच्या सवयीनं गुळगुळीत झाला होता.

“येताना मागं होतास न्हवं?”

“व्हय.”

“बराच वेळ होतास.”

“व्हय, अण्णा.”

“माझी सायकल कशी दिसत हुती?”

सुदर्शननं डोळे मिटले. गोल नळ्या आठवून पाहिल्या. झाळलेले सांधे आठवून पाहिले. तो सारा रस्ता त्यानं मनात पुन्हा कापला, माळापासून बागांपर्यंत, कडेच्या आडव्या झालेल्या गवतासकट.

ज्या फ्रेमसाठी त्याचा जीव तुटत होता, ती त्याला कुठेच सापडेना.

“सायकल...”

त्यानं डोळे उघडले.

“सायकल बघितलीच न्हाई, अण्णा. तुमची पाठच बघत होतो.”

अण्णांनी खुंटावरचा हात काढला. भिंतीवरची लोखंड कापायची करवत उतरवली, तिचं पातं अंगठ्यानं तपासलं आणि ती सुदर्शनच्या हातात दिली.

“मग मोड.”