साळूला हवा होता पोपट

करवंदीच्या जाळीखाली एक बीळ होतं आणि त्या बिळात एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळे-पांढरे काटे असतात ना, तेच. बीळ चांगलं ऐसपैस, कोरडं. दारात उंबराचं झाड, खाली ओढा. कुणालाही हेवा वाटावा असं घर! पण साळूची मुलं मोठी होऊन आपापल्या बिळांत राहायला गेली होती. शेजारीपाजारी यायचे, पण ओढ्याच्या पलीकडूनच विचारायचे, "काय साळूबाई, बरं आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचे. जवळ येऊन बसायचं कुणी नाव काढत नसे. का, ते मला विचारू नका. तुम्ही बसला असता का तिच्या मांडीला मांडी लावून?

मग ती बिचारी एकटीच बोलायची. उंबर खाली पडलं की म्हणायची, "पडलं बाई." ऊन तापलं की म्हणायची, "काय हे उकडतंय!" ऐकायला कुणी नाही, 'हो ना' म्हणायला कुणी नाही. एके दिवशी तिला आपल्याच आवाजाचा असा कंटाळा आला, की ती मटकन बसली आणि रडली. हसू नका. एवढे काटे असले म्हणून काय झालं, आतून सगळे मऊच असतात. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि ठरवलं, की आपण एक पोपट पाळायचा. पोपट बोलतो. झालं तर मग!

उंबरावर एक कावळा बसलेला असायचा. जंगलातली सगळी खबर त्याच्याकडे असायची, आणि नसली तरी तो द्यायचा. साळूनं त्याला विचारलं, "कावळेदादा, पोपट कसा बघून घ्यावा?"

"लहान घ्यावा, म्हणजे लळा लागतो," कावळा म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "नाहीतर मोठा घ्यावा, म्हणजे शिकवायची कटकट नाही."

"आणि मिळतो कुठं?"

"त्या मोठ्या जांभळाखाली रानमांजरीनं दुकान मांडलंय ना पोपटांचं. आता मांजरीला पोपटांचं दुकान कशाला सुचलं, ते तिलाच विचारा."

साळूनं खरंच विचारायला हवं होतं. पण कुठलं काय! बाईंना घाई झाली होती. ऊन उतरताच काटे सळसळवत ती तडक जांभळाखाली गेली.

तिथं वेलींनी बांधलेले पिंजरे ओळीनं टांगले होते आणि प्रत्येकात एकेक पोपट होता. रानमांजरीनं तिला लांबूनच बघितलं. "या माई, या! बघून तर घ्या. सगळे घरचेच आहेत हो. माझ्याच घरी जन्मले, माझ्याच हातचं खाऊन वाढले. मी तर मांसमच्छी कधीच सोडली. आता फक्त पक्ष्यांची सेवा!" असं म्हणून तिनं मिशीला लागलेलं एक हिरवं पीस हळूच जिभेनं आत ओढलं.

एक पोपट गुबगुबीत होता. एक सारखा 'मिठू मिठू' करत होता. आणि अगदी टोकाच्या पिंजऱ्यात एक पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. पंख अजून पुरते भरले नव्हते, मान उघडीच होती. साळूचा जीव गलबलला. "अगं बाई, याचे किती हाल! हेच मला द्या. मी याला सोडवते यातून."

"तुमचं मन किती मोठं!" मांजरी म्हणाली. "तुमच्याकडून काय घ्यायचं? तुमच्या बिळाबाहेर गळलेले काटे नुसते पडून असतात. त्यांची एक मोळी द्या, झालं."

साळूला वाटलं, फुकटातच मिळालं की! तिनं काट्यांची भलीमोठी मोळी पोचती केली आणि पिंजरा घरी आणला.

पिल्लाचे तिनं किती लाड केले म्हणून सांगू! उंबर चावून मऊ करून भरवलं, ओढ्याचं पाणी पाजलं, खाली पाचोळा अंथरला. मग समोर बसून शिकवायला लागली, "म्हण, या. म्हण, बसा." पिल्लू नुसतं टकमक बघायचं. पण रोज संध्याकाळी, दिवस मावळायच्या सुमाराला, ते एकदम पिंजऱ्याच्या गजांना लोंबकळायचं आणि जिवाच्या आकांतानं ओरडायचं. थोड्या वेळानं गप्प व्हायचं, आणि मग कितीही चुचकारलं तरी काही खायचं नाही.

"माझं पिल्लू संध्याकाळी गातं हं!" साळूनं कौतुकानं कावळ्याला सांगितलं.

कावळ्यानं मान वाकडी केली. "पोपटांचा थवा उंबरावरून जातो, तेव्हाच गातं ना?"

"हो, तेव्हाच."

"साळूबाई, त्याला गाणं नाही म्हणत. त्या थव्यात त्याची आई असते. ते तिला हाका मारतंय."

"काहीतरीच काय! ते मांजरीच्या घरी जन्मलंय."

"मांजरीच्या घरी पोपट? अहो, शुद्धीवर आहात ना?" कावळा ओरडलाच. "पहाटे झाडावर चढते आणि ढोल्यांमधून पिल्लं ओढून आणते ती. काही दुकानात ठेवते, उरलेल्यांचं काय करते ते मी सांगत नाही. तुम्हाला जेवण जायचं नाही."

साळूचं तोंड एवढंसं झालं. ती उठली आणि तरातरा जांभळाखाली गेली. जाब विचारायचाच, असं ठरवून गेली होती. पण तिथं जाऊन बघते तर काय, ज्या जागेवरून तिनं पिल्लू नेलं होतं, त्या जागेवर दोन नवे पिंजरे टांगले होते. दोन्हींत दोन नवी पिल्लं. आणि पिंजऱ्यांचे गज काळे-पांढरे, चकचकीत. तिचेच काटे!

"या माई!" मांजरी खुशीत होती. "तुम्ही एक नेलंत आणि माझ्या धंद्याला बरकत आली बघा. तुमच्यासारखी मायाळू गिऱ्हाइकं आहेत म्हटल्यावर दोन आणली. काट्यांचे गज तर काय मजबूत झालेत! आणखी एक मोळी द्या, ही दोन्ही न्या."

"आणि मी ही नेली तर?"

"तर उद्या चार आणीन की!"

आता साळूला समजलं. आपण एकाला सोडवलं असं तिला वाटत होतं, आणि आपणच दोघांना आत घातलं होतं. तिला इतकी लाज वाटली, आणि लाजेमागोमाग इतका राग आला, की अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. साळिंदराला राग आला की ते समोरून चाल करत नाही, पाठ फिरवतं आणि मागं मागं धावत जातं. साळूनं पाठ फिरवली. मांजरीला वाटलं, बाई घरी निघाल्या. "अहो माई, मोळीचं काय?" असं म्हणत ती पुढं आली, आणि मोळीऐवजी सगळी साळूच तिच्या अंगावर आली! मग काय विचारता! नाकात काटे, पंजात काटे, शेपटीत काटे. मांजरी 'मेले, मेले' करत जी पळाली, ती डोंगर ओलांडून पार पलीकडे गेली. तिकडे ती काय खाते कुणास ठाऊक. इकडे पुन्हा दिसली नाही एवढं खरं.

साळूनं दातांनी वेली कुरतडून सगळे पिंजरे मोडले. मोठे पोपट भुर्रकन उडाले. ज्यांना उडता येत नव्हतं अशा दोन पिल्लांना ती हळूहळू आपल्या उंबराखाली घेऊन आली. आता राहिलं तिचं स्वतःचं पिल्लू. ते पिंजऱ्यातून तिच्याकडेच बघत होतं. साळूचा हात दारावर अडखळला. 'आजचा दिवस राहू दे,' तिचं एक मन म्हणालं. 'उद्या सोड. पुन्हा एकटीच बसशील बघ.' खोटं कशाला सांगू, ती बराच वेळ तशीच उभी होती. मग तिनं डोळे घट्ट मिटले आणि दार मोडून टाकलं.

संध्याकाळी थवा आला. पिल्लांनी हाका मारल्या, आणि या वेळी थवा वरून निघून गेला नाही, खाली उतरला. केवढा तो कलकलाट! पिल्लांच्या आया त्यांना चोचीनं कुरवाळत होत्या, भरवत होत्या, मध्येच रागावत होत्या. पंख भरेपर्यंत पिल्लं करवंदीच्या जाळीतच राहिली. आया येऊन चारा भरवायच्या आणि खाली साळू पहारा द्यायची. मग एका सकाळी तिन्ही पिल्लं उडाली. साळूनं टाळ्या वाजवल्या आणि बिळात जाऊन गुपचूप रडून घेतलं.

त्याच दिवशी तिच्या पिल्लाची आई परत आली. "साळूबाई, तुमचे उपकार कसे फेडू? काय हवं तुम्हाला?"

"मला? छे, काही नको," साळू म्हणाली.

"पण हिच्याशी बोलायला कुणीच नाही ना, आई!" मागून पिल्लू म्हणालं. पोरं काही पोटात ठेवत नाहीत.

"आमच्यात एक आजोबा आहेत," पोपटीण म्हणाली. "वावटळीत त्यांचा पंख मोडला. ओढ्याकाठच्या एका वठलेल्या खोडात बसून असतात. आम्ही दिवसभर चाऱ्यासाठी लांब जातो, त्यांना सोबत नसते. पण सांगून ठेवते हं, दिसायला काही देखणे नाहीत. शेपूट झडलीय. आणि तोंडाचे भारी फटकळ."

"येतील ते माझ्याकडे?"

"ते मी कसं सांगू? त्यांनाच विचारा."

साळू गेली आणि या वेळी तिनं घाई केली नाही. खोडापासून जरा लांबच बसून म्हणाली, "आजोबा, माझ्याकडे राहायला याल का?"

आजोबांनी एक डोळा उघडला. "पिंजरा आहे?"

"नाही."

"मिठू मिठू करायला लावशील?"

"नाही हो."

"पेरू मिळतील?"

"नाही मिळायचे," साळू म्हणाली. "उंबरं आहेत, करवंदं आहेत."

"हं. खरं बोलतेस, एवढं बरं आहे. आणि नाही करमलं मला, तर?"

"तर मीच तुम्हाला परत इथं आणून सोडीन."

आजोबांनी दुसराही डोळा उघडला. मग चोचीनं खोड धरत, कुरकुरत, ते एकेक पाऊल खाली उतरले आणि चालू लागले. साळू त्यांच्या चालीनं चालली. वाटेत आजोबांनी दगडांना नावं ठेवली, चिखलाला नावं ठेवली, कावळ्याला तर दोनदा ठेवली. उंबराच्या एका ठेंगण्या मुळावर चढून बसल्यावर मात्र ते गप्प झाले. "आज उकडतंय, नाही?" साळू म्हणाली.

"ते मलाही कळतं," आजोबा म्हणाले. "उकाड्याचं राहू दे. तू वाटभर काहीतरी सांगायला तोंड उघडतेस आणि मिटतेस. काय ते सांग. मी ऐकतोय."

साळू बघतच राहिली. इतके दिवस तिला बोलणारा पोपट हवा होता. मग तिनं सांगायला सुरुवात केली. मुलांचं सांगितलं, मांजरीचं सांगितलं, रडण्याचंसुद्धा सांगितलं. ऊन डोंगराआड गेलं तरी ती सांगतच होती, आणि आजोबा मध्ये एवढंच विचारत होते, "बरं, मग?"

तात्पर्य : सोबती पिंजऱ्यात घालून आणता येत नाही. दयेपोटी जरी एक जीव विकत घेतला, तरी दुकानदार पुढचे दोन पकडायला निघतो. म्हणून ज्याला आपली गरज आहे त्याच्या दारी जावं, त्याला विचारावं, आणि तो 'नाही' म्हणाला तर ते ऐकायचीही तयारी ठेवावी.