स्टुलावरचा स्पीकर

एकदा असे झाले, की एका वृद्ध मास्तरांनी आपल्या शिष्येला प्रथमच एकटीला कामावर धाडले. मास्तरांचा व्यवसाय साधा. लोकांच्या घरी टीव्ही, डिस्क प्लेअर आणि पाच-सहा स्पीकर एका रिसीव्हरला नीट जोडून द्यायचे. शिष्या पदविका घेतलेली, हाताने चपळ; आणि चूक दिसली की तिला दुरुस्त केल्यावाचून राहवत नसे. हा गुणच म्हणायचा. पण त्या दिवशी ह्याच गुणाने घात केला.

घर होते भांड्यांच्या एका निवृत्त व्यापाऱ्याचे. पत्नी कुमुद चार महिन्यांपूर्वी गेली होती. आता तो एकटा जीव दिवसभर जुनी नाटके लावून बसे. तेवढेच माणसांचे बोलणे कानावर पडे. आदल्या दिवसापासून तोही आवाज बंद झाला होता.

शिष्येने रिसीव्हर पुढे ओढला आणि सुटलेली वायर तिला लगेच सापडली. तेवढी खोचून ती निघाली असती तर काम तिथेच संपले असते. पण बाकीची जोडणी पाहून तिने कपाळाला हात लावला. संवादांचा मधला स्पीकर टीव्हीखाली हवा, तो खुर्चीच्या डाव्या हाताला, चक्क स्टुलावर! त्याचा आवाज नको तितका चढवलेला, आणि उजवीकडचा स्पीकर जवळजवळ मुका.

"हे कुणी जोडलं, काका?"

"आमच्या हिनं. भारी हौस तिला. त्या स्टुलाला मी रोज ठेचकाळायचो, पण ऐकेल तर शपथ!"

शिष्या हसली आणि कामाला लागली. स्पीकर टीव्हीखाली नेला, रिसीव्हरमधली जुनी सगळी सेटिंग पुसून टाकली, खुर्चीवर माइक ठेवून प्रत्येक स्पीकरचा आवाज नव्याने मोजून घेतला. तीन तासांनी सारे कसे पुस्तकाबरहुकूम झाले. "छान," व्यापारी म्हणाला. भिडस्त माणूस, दुसरे काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आवाज येतो हो, पण शब्दच कळत नाहीत. नुसतं पुटपुटल्यासारखं वाटतं. घर खायला उठलंय बघा."

आधीची जोडणी कशी होती ते वाटेत विचारून घेत मास्तर शिष्येला घेऊन गेले. तिचा चेहरा उतरला होता, तरी आपले काही चुकलेले नाही ही खात्री मनात होतीच. मास्तरांनी मात्र रिसीव्हरला हातही लावला नाही. ते व्यापाऱ्याच्या खुर्चीमागे, उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "शेठ, चहा मिळेल का?"

व्यापारी समोर बघत राहिला. मास्तर डाव्या बाजूला गेले आणि तितक्याच हळू तेच पुन्हा म्हणाले.

"अहो, मिळेल की! विचारता काय?" व्यापारी उठू लागला. शिष्येची नजर कोपऱ्यात सारलेल्या स्टुलाकडे गेली.

"बसा शेठ, चहा राहू दे," मास्तर म्हणाले. "तुमचा उजवा कान गेलाय. आजचा नव्हे, बऱ्याच वर्षांचा."

"काहीतरीच काय! जन्मभर गल्ल्यावर बसलो मी. गिऱ्हाईक तोंडातल्या तोंडात बोललं तरी..." बोलता बोलता तो थांबला. मग सावकाश म्हणाला, "ती नेहमी माझ्या डाव्या बाजूलाच बसायची. रस्त्यानंही त्याच बाजूनं चालायची. मला वाटायचं, सवय असते एखादीला."

मास्तरांनी स्टूल पुन्हा खुर्चीजवळ आणले, स्पीकर त्यावर ठेवला आणि आवाज चढवला. नाटकातली पात्रे बोलू लागली.

"येतंय का ऐकू?"

"येतंय. पण तिनं लावलं होतं, तसं नाही."

शिष्येने खालच्या आवाजात विचारले, "मास्तर, जुने आकडे परत नाही आणता येणार?"

"नाही. पुसले ते पुसले. पोरी, तुझ्या जोडणीत दोष नाही. पण पुस्तकातला ऐकणारा दोन्ही कानांनी धडधाकट असतो. ह्या बाईनं नवऱ्याचा कान जसजसा उतरत गेला, तसतसा आवाज थोडा थोडा चढवला. त्याला कमीपणा वाटू नये म्हणून तोंडातून अक्षर काढलं नाही. ते कागदावर कुठून लिहिलेलं असणार? दुसऱ्याच्या घरात काही वाकडं दिसलं, तर सरळ करण्याआधी विचारावं, की हे कुणासाठी असं केलंय."

"तिला बोलू नका, मास्तर," व्यापारी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं कुमुदच्या शेजारी बसून मला कळलं नाही. ह्या पोरीला एका दुपारीत काय कळणार?"

शिष्येला रडू आवरले नाही. नाटक पुढे चालूच होते. ते कुणीच ऐकत नव्हते.